सूर्यास्तापूर्वी वीस पाने

नाशिकच्या सहलीत, भाड्याच्या बंगल्यात, मोठ्या कुटुंबाचे संध्याकाळचे जेवण कसे साधावे

लक्ष्मीपूजन आटोपते, पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडते, भाऊबीज होते आणि व्यापारी घरांना वर्षातून एकदाच मिळणारे दोन-तीन मोकळे दिवस हाती येतात. लाभपंचमीला पेढी पुन्हा उघडेपर्यंत दुकानाचे शटर खाली असते. मुलांच्या शाळांना सुट्टी असते, मुंबई-पुण्याला नोकरीस असलेले पुतणे आलेले असतात, लेकी-जावयांनी घर भरलेले असते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, ‘सगळे मिळून नाशिकला जाऊ या.’ गंगापूर धरणाच्या काठी, त्र्यंबक रस्त्यावर किंवा इगतपुरीच्या डोंगरउतारावर एखादा बंगला दोन-तीन रात्रींसाठी भाड्याने घेतला जातो. सत्तरीच्या आजींपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत वीस माणसे दोन गाड्यांतून निघतात.

बंगल्यात खोल्या पुरेशा असतात, हिरवळ असते, पाळणा असतो. स्वयंपाकघरात मात्र दोन शेगड्या, एक सिलिंडर आणि चार माणसांपुरती भांडी असतात. त्यातून त्या दिवसांत नाशिकला सूर्य सहाच्या आसपास मावळतो. मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळ सातपर्यंत लांबते. दिवाळी आणि नाताळ या दोन सुट्ट्यांत, जेव्हा कुटुंबे खरोखर एकत्र निघतात, तेव्हा दिवस लहान असतो. हा एक तास पंचांगात दिसतो, पण सहलीचा बेत आखताना तो कोणाच्याच लक्षात येत नाही.

मग पुढचे दृश्य अनेक घरांच्या परिचयाचे आहे. त्र्यंबकेश्वरहून परतताना वाहनांची रांग लागते. बंगल्यावर पोहोचेपर्यंत साडेपाच वाजलेले असतात. सुना पदर खोचून धावपळ करतात, एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा. पोळ्या होईतो अंधार पडतो. आजी काही बोलत नाहीत. ‘मला तशी भूकच नव्हती’ एवढेच म्हणून पच्चक्खाण घेतात आणि माळ हाती धरून कोपऱ्यात बसतात. चौविहार पाळणारी चार वडीलधारी माणसे उपाशी, बाकीचे अपराधी मनाने जेवतात, मुलांना नऊ वाजता पुन्हा भूक लागते आणि ज्यांनी सहलीची सर्वांत अधिक वाट पाहिली त्या घरच्या स्त्रिया रात्री साडेदहापर्यंत ओट्याशीच उभ्या असतात.

यात दोष नियमाचा नाही आणि सुनांचा तर नाहीच. दोष नियोजनाचा आहे. जी घरे दिवाळीच्या हंगामाचा माल दोन महिने आधी भरतात, त्यांना वीस माणसांचे तीन वेळचे जेवण अवघड जाण्याचे कारण नाही.

घड्याळ उलटे मोजावे

धर्मशाळेच्या भोजनशाळेत जेवलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. तेथे संध्याकाळच्या जेवणाची वेळ यात्रेकरूच्या सोयीने ठरत नाही, सूर्यास्तावरून ठरते. आणि म्हणूनच शेकडो माणसे गडबडीवाचून जेवून उठतात. पदार्थ मोजके, पंगत एकच. स्वामीवात्सल्याच्या पंगतीचेही हेच सूत्र. भाड्याच्या बंगल्यातील स्वयंपाकाला हेच सूत्र लावावे.

सहा वाजता सूर्यास्त धरला, तर अनेक वडीलधाऱ्यांचा नियम दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण संपवण्याचा असतो. त्यांचे ताट पाच वाजून बारा मिनिटांनी रिकामे झाले पाहिजे. म्हणजे पाने साडेचारला मांडली गेली पाहिजेत आणि शेगडी तीनच्या ठोक्याला पेटली पाहिजे. ज्यांना सूर्यास्तापर्यंत चालते त्यांची पंगतही त्याच वेळी बसवावी. दोन पंगती म्हणजे दोनदा गरम करणे, दोनदा वाढणे आणि दोनदा आवरणे.

या हिशेबाचा परिणाम सहलीवर होतो, आणि तो होऊ द्यावा. बाहेर जायचे ते सकाळी. म्हसरूळच्या गजपंथा सिद्धक्षेत्राची टेकडी उन्हाआधी चढावी. शहरापासून ते काही किलोमीटरच आहे. विल्होळीचे धर्मचक्र प्रभाव तीर्थ मुंबई-आग्रा महामार्गावर असल्याने येताना किंवा जाताना वाटेतच होते. चांदवडची जैन लेणी सुमारे ६५ किलोमीटरवर आहेत. नवकारशी करून निघाल्यास दुपारी दोन-अडीचपर्यंत परतता येते. दुपारचे जेवण बाहेर किंवा डब्यातले, संध्याकाळचे बंगल्यावर, असा क्रम ठेवला की गृहिणींचा दुपारचा तास रिकामा राहतो.

बंगला ठरवताना

भाडे आणि खोल्यांची संख्या सगळेच विचारतात. स्वयंपाकघराविषयी मात्र किल्ली हाती आल्यावर कळते. पैसे भरण्यापूर्वी फोनवर पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. बंगल्यात स्वयंपाक करण्यास परवानगी आहे का, की जेवण त्यांच्याकडूनच घ्यावे लागते? शेगड्या किती आणि भरलेला जादा सिलिंडर आहे का? सर्वांत मोठे पातेले किती लिटरचे? भांडी मांसाहारासाठी वापरली जातात का? आणि ओट्याजवळ पुरेसा उजेड व पिण्याच्या पाण्याची सोय आहे का?

भांड्यांबाबत उत्तर समाधानकारक असले तरी आपली भांडी बरोबर न्यावीत. दहा लिटरचे दोन कुकर, एक मोठे पातेले, एक कढई, मोदकपात्र किंवा ढोकळ्याचे स्टीमर, दोन डाव, पाणी गाळण्याचे स्वच्छ वस्त्र आणि वीस स्टीलची ताटे-वाट्या एवढ्यावर तीन दिवस निभावतात. काही राहिलेच, तर नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. जुन्या शहरातील भांडी बाजारात हवे ते पातेले मिळेल आणि ते घरी परतल्यावरही उपयोगी पडेल.

उकळलेले पाणी पिणाऱ्यांची संख्या आधी मोजावी. दहा-बारा लिटर पाणी उकळायला एक शेगडी बराच वेळ अडते, म्हणून हे काम सकाळी इतर स्वयंपाकाआधी उरकावे. श्वेतांबर परंपरेत अशा पाण्याचा काळ चातुर्मासात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांचा मानतात. सकाळी उकळून झाकलेले पाणी दुपारभर पुरते. चातुर्मासात मात्र प्रहर मोजून घ्यावेत आणि संध्याकाळचे पाणी काळाच्या आत वापरावे.

तीन संध्याकाळी, तीन बेत

कमी तयारीचा स्वयंपाक म्हणजे बाजारातील पाकिटे फोडणे नव्हे. तयार मसाल्यांच्या आणि फरसाणाच्या पाकिटांत पुष्कळदा कांदा-लसणाची भुकटी असते. नाशिकचा प्रसिद्ध चिवडा घेतानाही त्यात तळलेला कांदा आहे का, हे विचारून घ्यावे लागते. लासलगावच्या कांद्याच्या बाजारपेठेचा हा जिल्हा. तेथील व्यापारात जैन पेढ्याही आहेत. दिवसभर कांद्याचे भाव बोलणाऱ्या घराच्या चुलीवर मात्र कांदा चढत नाही. तेव्हा कमी तयारी याचा अर्थ एवढाच, की निवडणे, दळणे, भाजणे हे घरी आणि शिजवणे तेवढे बंगल्यावर.

*पहिली संध्याकाळ: खिचडी आणि कढी.* प्रवासाने दमलेल्या माणसांना याहून चांगले जेवण नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ घरीच निवडून, सारख्या दोन पिशव्यांत भरून न्यावी. हळद, हिंग, जिरे, मीठ यांची पुडी प्रत्येक पिशवीत वेगळी ठेवावी. कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, अन्यथा खिचडी शिट्टीतून वर येते. म्हणूनच वीस जणांची खिचडी एका कुकरात होत नाही, दहा लिटरचे दोन लागतात. आधी कढी करून बाजूला ठेवावी, मग दोन्ही शेगड्यांवर दोन कुकर चढवावेत. वाफ जिरेपर्यंत पापड भाजून होतात. वाढण्याआधी कढीला पुन्हा एक उकळी दिली की झाले.

येथे एक सूचना. कढीत कच्च्या ताकात बेसन कालवले तर ते द्विदल होते. ताक आधी चांगले कढत करावे आणि मग पाण्यात कालवलेले बेसन त्यात सोडावे. ताक फुटू नये म्हणून ते मंद आचेवर सतत ढवळत राहावे लागते. हे काम घरातील एखाद्या शांत स्वभावाच्या काकांना द्यावे; ते बोलत बोलत ढवळत राहतात. आल्याऐवजी सुंठेची चिमूट घालावी.

*दुसरी संध्याकाळ: वरण-बट्टी.* मारवाडी घरांत दाल-बाटी नवी नाही. मात्र गोवऱ्यांच्या किंवा लाकडांच्या निखाऱ्यांवर वीस जणांच्या बाट्या भाजायच्या तर सरपण निरखून-झाडून घ्यावे लागते, जयणा सांभाळावी लागते आणि वेळ हाताबाहेर जातो. नाशिकच्या शेजारच्या खानदेशाने यावर उपाय शोधून ठेवला आहे. तेथील बट्टी आधी वाफवतात, मग तिचे तुकडे करून तळतात. मोदकपात्रात एका वेळी पंचवीस-तीस बट्ट्या बसतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत वाफवून होतात. सुरी घालून पाहावी. कोरडी निघाली की उतरवावी. गार झाल्यावर चार-चार तुकडे करून तुपात खमंग परतले की बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ बट्टी तयार. तोपर्यंत दुसऱ्या शेगडीवर तुरीचे वरण शिजलेले असते.

बट्टीचे जाडसर दळलेले गव्हाचे पीठ, थोडा रवा, ओवा, हळद आणि मीठ हे सगळे घरीच एकत्र करून न्यावे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची आहे. ती पाळणाऱ्यांनी दळण निघण्याच्या आदल्या दिवशीच आणावे. खानदेशात बट्टीबरोबर वांग्याची घोटलेली भाजी असते. बहुबीज म्हणून वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांनी तिच्या जागी दुधी किंवा गिलके घ्यावे. आणि या जेवणाबरोबर थंड ताकाचा किंवा श्रीखंडाचा मोह टाळावा. डाळीबरोबर कच्चे दही-ताक आले की पुन्हा द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. गोड हवेच असेल तर उरलेल्या बट्ट्यांचा गूळ-तूप घालून चुरमा करावा. त्यासाठी वेगळी शेगडी लागत नाही.

*तिसरी संध्याकाळ: वाटाण्याची मिसळ.* नाशिकला येऊन मिसळ न खाता परतणे तरुण मंडळींना मान्य होत नाही, आणि बाहेरच्या मिसळीत बहुधा कांदा-लसूण असतो. ती बंगल्यावर करणे सोपे आहे. मोड आलेली मटकी अनेक घरांत चालत नाही; तिच्याऐवजी सुका वाटाणा घ्यावा. तो सकाळी बाहेर पडताना भिजत घातला की तीन वाजेपर्यंत शिजवण्यास तयार होतो आणि एवढ्या वेळात त्याला मोडही येत नाही. रश्श्याला दाटपणा येतो तो भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि शेंगदाण्याच्या कुटाने. हे वाटण घरीच कोरडे करून डब्यात न्यावे. टोमॅटो, लाल तिखट आणि लवंग-दालचिनी-धणे घालून केलेला घरचा काळा मसाला एवढे पडले की कांद्याची आठवण कोणालाही होत नाही.

बेकरीचा पाव न चालणाऱ्या घरांसाठी खाखरा हा उत्तम पर्याय आहे. मिसळीवर चुरलेला खाखरा मुलांना विशेष आवडतो. नाशिकमध्ये मिसळीबरोबर पापड देतात, तोही ठेवावा. दही मात्र ठेवू नये. वाटाणा हे द्विदलच. भाऊबीज ते लाभपंचमी या काळात श्वेतांबर परंपरेचा चातुर्मास संपलेला नसतो, त्यामुळे कोथिंबीर आणि इतर पालेभाज्या अनेकांना वर्ज्य असतात. पंचमी, अष्टमी किंवा चतुर्दशी असेल तर हिरवी भाजीही नको. निघण्यापूर्वी पंचांग पाहून ज्या दिवशी तिथी येते त्या दिवशी खिचडी-कढीचा बेत ठेवावा, किंवा मिसळीत टोमॅटोऐवजी आमसूल वापरावे.

चौकट: वीस जणांसाठी अंदाज

खिचडी: तांदूळ १ किलो २०० ग्रॅम, मूगडाळ ८०० ग्रॅम, तूप ४०० ग्रॅम.
कढी: दही दीड किलो, पाणी ३ लिटर, बेसन २०० ग्रॅम.
बट्टी: जाडसर पीठ २ किलो, रवा अर्धा किलो, मोहनासाठी तेल ३०० ग्रॅम, तळणे व वाढणे मिळून तूप सव्वा किलो.
वरण: तूरडाळ १ किलो.
मिसळ: सुका वाटाणा दीड किलो, टोमॅटो दीड किलो, सुके खोबरे ४०० ग्रॅम, शेंगदाणे २५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, घरची शेव व फरसाण सव्वा किलो.
सोबत: खाखरे ८०, पापड ६०, लोणचे, गूळ १ किलो.

हा अंदाज मध्यम भुकेचा आहे. बरोबर सहा-सात लहान मुले असल्यास धान्य एक-अष्टमांशाने कमी घ्यावे. अन्न उरण्यापेक्षा शेवटी खाखरा मोडावा लागला तर बरे.

मांगी-तुंगीचा दिवस

वरील सगळा हिशेब एका दिवशी मोडतो. बागलाण तालुक्यातील मांगी-तुंगी हे सिद्धक्षेत्र नाशिकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. तेथे डोंगरात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ साली प्रतिष्ठित झाली, तेव्हापासून सर्व संप्रदायांची कुटुंबे तेथे जाऊ लागली आहेत. दोन्ही शिखरे चार हजार फुटांहून उंच, पायऱ्या हजारोंच्या संख्येने, आणि जाण्या-येण्यास प्रत्येकी तीन तास. सकाळी कितीही लवकर निघाले तरी पाच वाजता नाशिकला पोहोचून स्वयंपाक करणे शक्य होत नाही.

अशा दिवशी बंगल्यावर स्वयंपाक करण्याचा हट्टच सोडावा. क्षेत्रावरील भोजनशाळेत आदल्या दिवशी फोन करून संध्याकाळच्या जेवणाची वेळ आणि माणसांची संख्या सांगावी आणि जेवूनच परतीला लागावे. ते जमत नसेल तर पहाटे केलेल्या दुधातल्या दशम्या, पुऱ्या आणि सुकी चटणी बरोबर घ्यावी आणि सूर्य वर असताना वाटेत गाडी थांबवून जेवावे. ओलसर पदार्थ त्याच दिवशी संपवायचे. रात्र ओलांडली की ते वासी. खाखरे, सुकी पुरी, शंकरपाळे यांचे तसे नाही. श्वेतांबर परंपरेत अशा कोरड्या पदार्थांचा आणि मिठाईचा काळ हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि चातुर्मासात १५ दिवसांचा सांगितला आहे. दिवाळीच्या फराळाचा डबा सहलीला नेताना तो किती तारखेला केला, हे झाकणावर लिहून चिकटवावे. दुकानात मालावर तारीख पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

काम कोणाच्या नावावर?

जमाखर्चात एक मूलभूत नियम आहे. प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एका खात्याला जमा झाले तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला नावे पडलेले असते. कुटुंबाच्या सहलीतही कोणाच्या तरी नावे टाकल्याशिवाय कोणाची विश्रांती जमा होत नाही. वर्षानुवर्षे ही नोंद सुनांच्या नावेच पडत आली आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नसल्यामुळे कोणाला दिसत नाही.

म्हणून ती लिहावी. निघण्याच्या आदल्या रात्री एका कागदावर तीन संध्याकाळी आणि प्रत्येक संध्याकाळची पाच कामे मांडावीत: भाजी-दूध आणणे, शिजवणे, वाढणे, भांडी, ओटा आणि कचरा. प्रत्येक कामापुढे दोन नावे असावीत, आणि एकच नाव लागोपाठ दोन संध्याकाळी शिजवण्यापुढे येऊ नये. वरण-बट्टीची संध्याकाळ पुरुषांकडे द्यावी. मारवाडी कुटुंबांत बाट्या भाजण्याचे काम पुष्कळदा पुरुषही करतात. बट्टी वाफवणे त्याहून सोपे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी पाने मांडावीत, पाणी द्यावे. जावयाला काम सांगावे की नाही, हा नाजूक प्रश्न. पण बहुतेक जावई सांगण्याची वाटच पाहत असतात.

आजींना मात्र कामातून अगदी वगळू नये. मीठ किती, आच किती, पाणी कधी, हे विचारायला कोणी आले की त्यांना बरे वाटते. त्यांना ओट्याशी उभे करू नये. दाराजवळ खुर्ची द्यावी.

उष्टे, भांडी आणि उरलेले

थाळी धुऊन पिण्याची चाल अनेक घरांत आता फक्त वडीलधाऱ्यांपुरती उरली आहे. ताटात एक कणही न टाकता, थोडे पाणी घालून ताट स्वच्छ करून ते पिऊन टाकायचे. सहलीत ही चाल मुलांना शिकवण्याची संधी असते. वीस जणांनी ती पाळली तर भांड्यांचे अर्धे काम तेथेच संपते. उष्ट्यात दोन घडींनंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते असे शास्त्र सांगते, म्हणून भांडी रात्रभर मोरीत पडू न देता लगेच घासावीत. धरणाच्या काठी तर अंधार पडल्यावर दिवा लावला की खिडकीच्या काचेवर किड्यांचा थर बसतो. रात्री स्वयंपाक आणि भोजन का टाळायचे, हे तेथे लहान मुलालाही न सांगता दिसते.

अंदाज चुकून अन्न उरलेच, तर ते सूर्यास्तापूर्वी बंगल्याच्या राखणदाराच्या घरी द्यावे. द्यायचे ते गरम आणि हात न लागलेले असावे. सकाळी उरलेले देण्यात ना दान आहे ना शिष्टाचार.

रात्री न जेवण्याचा नियम न घेतलेली तरुण मंडळी आणि मुले नऊ वाजता भुकेची तक्रार करतात, हे वास्तव आहे. त्यावर वाद घालू नये आणि शेगडीही पेटवू नये. एका डब्यात खाखरे, शंकरपाळे, भाजलेले चणे आणि हंगामातील फळे ठेवावीत. ज्याला हवे त्याने आपले आपण घ्यावे आणि आपली वाटी आपण धुवावी. एकदा कोणासाठी कढई चढली की स्वयंपाकघर पुन्हा उघडते, आणि ते पुन्हा त्याच दोघींच्या नावे पडते.

सहा वाजल्यानंतर

चौविहाराकडे पुष्कळदा सहलीतील अडचण म्हणून पाहिले जाते. वेळ पाळायची, लवकर परतायचे, बाहेरच्या हॉटेलात जायचे नाही, अशी बंधनांची यादी केली जाते. पण नियोजन नीट झालेल्या संध्याकाळी बंगल्यावर काय घडते, हेही पाहावे. पाच वाजेपर्यंत सगळे जेवून उठलेले असतात. साडेपाचला शेवटचे ताट पुसून ठेवले जाते. ओटा कोरडा होतो, सिलिंडरची खटकी बंद होते आणि मावळतीचे ऊन अजून धरणाच्या पाण्यावर असते.

इतर कुटुंबांची संध्याकाळ त्या वेळी सुरू व्हायची असते; त्यांच्या घरच्या स्त्रिया अजून भाजी चिरायला बसायच्या असतात. येथे मात्र घरातील प्रत्येक स्त्रीपुढे चार-पाच तास मोकळे असतात, जे तिला स्वतःच्या घरी वर्षभर मिळत नाहीत. ज्यांना प्रतिक्रमण करायचे ते करतात. मग नणंदा-भावजया अंगणात शाल पांघरून बसतात, मुले अंताक्षरी लावतात, पुतणे काकांना नव्या धंद्याच्या गोष्टी सांगतात. नाशिकची थंडी हळूहळू वाढते. आजी, ज्यांचे जेवण वेळेवर आणि गरम झालेले असते, त्या आज लवकर झोपायला जात नाहीत. त्या आपल्या लग्नातल्या पंगतीची गोष्ट सांगू लागतात, आणि ती ऐकायला थोरली सूनही बसलेली असते, कारण तिला आत काही काम उरलेले नसते.